वलांडीवरचा आवाज

तेजलने मोबाइल वलांडीच्या बांबूला फडक्याने बांधला आणि वलांडीच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालायला घेतले. मोबाइलमधला पुरुष बोलू लागला. मधमाश्या एकमेकींना फुलांचा पत्ता नाचून कसा सांगतात, ते.

कमलेशचं टाळकं फिरलं. दोन महिने हेच चाललं होतं. काल जुन्या नगरांची गटारं, परवा माणूस गर्दीत वेगळा का वागतो. माहितीपट चांगले असतीलही, शाळेतली पोरं बघायचीच की. पण बायको माहितीसाठी लावत नव्हती. तिचा डोळा चित्रावर कधी नसायचाच. नुसती ऐकायची, आणि ऐकता ऐकता हातातला बोंबील हातातच राहायचा.

गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झाल्यापासून कमलेश पाटीवर लिहून बोलायचा. त्याने लिहिलं, 'कोण हाय हा?'

"मला काय ठाव. माहिती सांगतो," तेजल म्हणाली.

'नाकातनं बोलतो. शेवटचा शब्द उगाच ओढतो.'

हे त्याने अधिकाराने लिहिलं. अठरा वर्षं मच्छीमार संस्थेच्या कर्ण्यावरून मुरबे गावाला सूचना दिल्या होत्या त्याने. सूचना द्यायची, पुरावा म्हणून ती टेपवर भरायची, टेप डब्यात टाकायची, परत म्हणून वाजवायची नाही. ऑपरेशन होऊन घरी आला त्या दिवशी त्याने तो डबा तेजलला जाळायला लावला आणि तो विषय घरात बंद केला. पण बोलावं कसं, हे काय त्याला कुणी शिकवायला हवं होतं?

"ओढू दे," तेजल म्हणाली. "मला आवडतंय."

घ्या. नवऱ्याच्या तोंडावर.

कमलेशने पाटी शर्टाच्या बाहीनेच पुसली. त्याचा नुसता जळफळाट होत होता. त्याहून भीती जास्त होती. सोळा वर्षांचा संसार, आणि बायको परक्या पुरुषाच्या आवाजावर भाळली. उद्या त्याच्यामागे निघून गेली तर आपण हाक तरी कशी मारणार?

गावाचं तर विचारूच नका. बायका घोळका करून तेच माहितीपट ऐकायच्या आणि कमलेश आला की गप्प व्हायच्या. सगळ्यांना ठाऊक दिसत होतं. एकटा त्याचा जुना खलाशी सुका मात्र भोळा. शेजारच्या पडवीत जाळं विणत बसलेला असायचा, आणि आवाज सुरू झाला की सुई थांबवून आधी समुद्राकडे बघायचा. एकदा मधमाश्यांचं चालू असताना उठून बोटीचा दोर तपासून आला. कमलेशने कपाळावर हात मारला.

शनिवारी तेजलने निवडक सुके बोंबील पिशवीत भरले आणि ठेवणीतली साडी नेसली.

'कोणासाठी?'

"बोईसरला कीर्ती मॅडम हायत, त्यांच्यासाठी. त्याच बनवतात ते माहितीपट."

'आणि तो?'

तेजल पिशवीची गाठ मारत राहिली. वर बघितलं नाही.

"तो पण तितंच हाय," ती म्हणाली.

कमलेश त्या दिवशी जेवला नाही.

सोमवारी ती मनोरच्या बाजाराला गेली, तसा त्याने बोईसरची रिक्षा पकडली. माहितीपटाच्या शेवटी पत्ता येतो, तो त्याने केव्हाच पाठ केला होता. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, भिंतींना आवाज घुमू नये म्हणून फोम लावलेला. आत चष्मेवाली एक बाई एकटीच बसली होती. हीच कीर्ती.

त्याने पाटी पुढे केली. 'तो बोलणारा कुठे हाय? त्याला भेटायचंय.'

"तो इथे कधी आलाच नाही हो," कीर्ती म्हणाली. "आम्ही लिहून देतो, कॉम्प्युटर त्याच्या आवाजात वाचतो. तो माणूस आता बोलत नाही."

कमलेशचा विश्वास बसला नाही. कॉम्प्युटरवर कोण भाळतं? आणि तेवढ्यात त्याला कपाटावर निळा डबा दिसला. झाकणाला डाव्या बाजूला पोचा. त्याचाच डबा. जाळला म्हणाली होती.

खोटारडी. बोंबील दिले, साडी नेसून दाखवली, आणि नवऱ्याची अठरा वर्षंसुद्धा त्या बोलणाऱ्याच्या घशात घातली.

"मुरब्याच्या एका ताईंनी आणून दिलाय तो," त्याची नजर बघून कीर्ती म्हणाली. "रोज विचारतात, नवीन काय बोलला म्हणून."

त्याने इतक्या जोरात लिहिलं की खडू मोडला. 'नाव सांगा त्याचं.'

"तोच सांगेल की." कीर्तीने डब्यातली एक टेप जुन्या यंत्रात घातली आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग तोच आवाज, नाकातला, शेवटचा शब्द ओढणारा.

"ऐका, मुरबेकर. वारा फिरलाय, बोटी किनाऱ्याला घ्याऽ. संस्थेतून मी कमलेश तांडेल बोलतोयऽ."