बाबांची नखं

धाकटीने काळ्या ठोकळ्याचा चौथा स्क्रू काढला, झाकण उचललं आणि लगेच परत ठेवून दिलं.

"आई," ती म्हणाली, "बाबा नखं कुठे कापतात गं?"

"खुर्चीत बसून. पण त्यांचं एक नख कधी जमिनीवर दिसणार नाही हो." हे आई सगळ्या नातेवाइकांना सांगायची. बाबांबद्दल सांगण्यासारखं तेवढंच होतं.

दादा नोकरीसाठी दूर गेला तेव्हा त्याचं गेम खेळायचं यंत्र घरीच राहिलं. त्याचा पॉवर सप्लाय म्हणजे विटेएवढा काळा ठोकळा, वर हवेसाठी फटी, आत पंखा. तो बाबांच्या खुर्चीपुढे जमिनीवर असायचा. गरम व्हायचा, म्हणून बाबा त्यावर पाय ठेवायचे आणि बटण कुणाला बंद करू द्यायचे नाहीत. पाय तिथे, म्हणून नखंही तिथेच. नऊ वर्षं.

धाकटीने सुटे भाग जमवून स्वतःचा कॉम्प्युटर जोडला होता. त्याचा पॉवर सप्लाय सकाळीच फट् करून गेला. आज दुकानं बंद. चार वाजता नोकरीची परीक्षा, ऑनलाइन, एकदाच. ठोकळा बारा व्होल्ट देत होता आणि तिच्या कॉम्प्युटरला बाराच हवे होते. आता पावणेतीन झाले होते.

तिने पुन्हा झाकण उचललं.

वरचा थर नखांचा. पिवळी, जाड, चंद्रकोरीच्या आकाराची. त्याखाली केस आणि तेलकट धुळीची गादी. गादीवर झुरळं. म्हातारी झुरळं, कर्ती झुरळं, तांदळाएवढी पोरं. बरीचशी नखं कडेने कुरतडलेली होती. बाबा नऊ वर्षं आणखी एक कुटुंब पोसत होते, आणि त्या कुटुंबाची काही तक्रार दिसत नव्हती.

धाकटी बेसिनपाशी जाऊन उलटी करून आली. मग आईचा भुवया कोरायचा चिमटा घेऊन बसली. तो घेतल्याचं आईला सांगितलं नाही.

"शी! अहो, हे काय?" आई म्हणाली.

बाबांनी वाकून पाहिलं. "ही अंगठ्याची," ते म्हणाले. जुना वर्गमित्र भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"बाबा, लाज नाही वाटत?"

"मग काय जमिनीवर टाकायची होती?"

धाकटीने दिसली ती नखं वेचली, दिसली ती झुरळं झाडली, ठोकळा चालू व्हावा म्हणून लाल वायर निळीला जोडली, बाकीच्या कॉम्प्युटरला. चारला पाच कमी असताना पंखा फिरला आणि स्क्रीन उजळला. पाठोपाठ जळक्या नखांचा वास आला. आई नाकाला पदर लावून बाबांना घेऊन बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

स्क्रीनवर नियम आले. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही. चेहरा झाकायचा नाही. बोलायचं नाही. खोलीत दुसरं कुणी दिसलं तर परीक्षा रद्द.

सातव्या प्रश्नाला टेबलावरच्या ठोकळ्याच्या फटीतून दोन मिशा बाहेर आल्या. ठोकळा तापला होता, आत लपून राहिलेली झुरळं आता घर सोडून निघाली होती. पहिलं की-बोर्डवरून चालत आलं, 'एंटर'वर क्षणभर थांबलं, मग तिच्या मनगटावर चढलं. बाहीकडे वळलं. धाकटी टाइप करत राहिली. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिचा चेहरा दिसत होता. अगदी शांत, दगडासारखा.

दार जरासं उघडलं. बाबा आत आले, रांगत. गुडघे कटकट वाजत होते. ते टेबलाखाली शिरले. मग टेबलाच्या कडेवरून एक हात वर आला, कॅमेऱ्याच्या नजरेखालून सरकला आणि त्याने मनगटावरचं झुरळ नुसत्या बोटांनी उचललं.

हात खाली गेला. थोड्या वेळाने पुन्हा वर आला. तासाभरात तो अकरा वेळा वर आला. एकदा तिच्या गुडघ्यावर थोपटून गेला. तिला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, मग त्या हातात काय होतं ते आठवलं.

पाचला स्क्रीनवर अक्षरं आली: अभिनंदन, तुम्ही उत्तीर्ण झाला आहात.

धाकटीने कॅमेरा बंद केला, बटण बंद केलं आणि टेबलाखाली वाकून पाहिलं. बाबा मांडी घालून बसले होते. दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या. बोटांच्या फटीतून एक मिशी बाहेर हलत होती.

"झालीस पास?"

"झाले."

"छान." त्यांनी ठोकळ्याकडे पाहिलं. तो आता तिच्या टेबलावर होता, वायरींनी बांधलेला. खुर्चीपुढची जमीन मोकळी होती.

"मग आता," त्यांनी हळूच विचारलं, "मी नखं कुठे कापू?"