पाठीवरची चौकट

"यंदा मांस तू वाहायचंस," असं म्हणून गुनवोरच्या दिरानं, हालवरनं सामान वाहायची लाकडी चौकट गुनवोरच्या पायाशी आदळली. "आणि ते खेळणं घरी ठेव. चिमण्या मारायला बरंय!"

खेळणं म्हणजे गुनवोरची रायफल. खांद्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिनं मुद्दाम हलक्या धक्क्याचं, साडेसहा मिलिमीटरचं काडतूस निवडलं होतं. रेनडिअरला ते पुरून उरतं. पण हालवरच्या दांडग्या मॅग्नम रायफलीपुढं ते शिकाऱ्यांच्या टोळीला कुठलं पटायला!

गेल्या सप्टेंबरात नॉर्वेतल्या हार्डांगरच्या पठारावर तिनं आणि हालवरनं एकदमच बार काढले. एक रेनडिअर जागीच कोसळला. दुसरा पुढचा पाय फरफटत धुक्यात गेला. दोन दिवसांनी सापडला, तेव्हा कावळ्यांनी त्याचे डोळे खाल्ले होते. गोळ्या दोन्ही आरपार गेलेल्या, मग पुरावा कसला? "पडला तो माझा," हालवर म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. टोळीचा नियम सरळ होता. जनावर जखमी करून सोडलं, की पुढल्या वर्षी बंदूक नाही, नुसती हमाली. गुनवोर वर्षभर आतल्या आत जळत राहिली.

आज हंगामाआधीची नेमबाजीची परीक्षा. तिच्या पाचही गोळ्या वर्तुळात बसल्या. हालवर तिसऱ्या खेपेला कसाबसा पास झाला आणि रायफलीवरच्या दुर्बिणीला शिव्या देत बसला. नाचता येईना, अंगण वाकडं!

"पुठ्ठ्यावर कुणीही मारेल," तो आता म्हणाला. "माझ्या बंदुकीचा एक बार काढून दाखव, मग बोल."

"आण इकडे."

तिनं रायफल घेतली. गवतात पडलेली, त्याच्याच झाडलेल्या काडतुसाची एक रिकामी पुंगळी हळूच उचलून आत सरकवली आणि बोल्ट लावला. टोळीप्रमुख म्हाताऱ्या एइलिफनं तेवढं पाहिलं. त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

"छे बाबा, आधी तूच दाखव," तिनं रायफल परत दिली. "एवढी मोठी बंदूक कशी धरायची, मला बाईला काय कळतंय?"

हालवर ऐटीत चटईवर आडवा झाला. नेम धरला. चाप ओढला.

टिक्.

बार झालाच नाही. पण हालवरचे डोळे गच्च मिटले, खांदा पुढं उसळला आणि नळी वीतभर खाली गेली. न बसलेल्या धक्क्याला घाबरला गडी! सगळ्यांनी पाहिलं.

"त्या जनावराला गोळी कुठं लागली होती रे, हालवर?" गुनवोरनं विचारलं.

हालवर उठलाच नाही.

"पायाला," एइलिफच म्हणाला. "खाली."

गुनवोरनं चौकट पायानं सरकवत हालवरच्या नाकापुढं आणून ठेवली.

"पट्टे तुझ्या मापाचे करून घे. यंदा मांस तू वाहायचंस."