दुपारची चित्रं

ताई मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. त्यासाठीच तिने टॅबलेट घेतला होता. पण आई गेल्यापासून त्याचं पेन ड्रॉवरमध्ये पडून होतं आणि ताई रोज दुपारी सोफ्यावर आडवी होऊन त्याच टॅबलेटवर एकामागून एक व्हिडिओ बघत राहायची. काय बघितलं, ते संध्याकाळी आठवायचंही नाही.

परवा प्रकाशकांचा फोन आला. "चित्रं मिळाली हो. हात छान बसलाय तुमचा परत!"

ताईने काहीच पाठवलं नव्हतं.

तिने चित्रांचं अ‍ॅप उघडलं. आत एकेचाळीस नवी चित्रं होती. रेषा तिचीच होती. आधी डावा डोळा काढायची खोडसुद्धा तिचीच. प्रत्येकाची वेळ दुपारी दोन ते चारमधली.

"अगं ताई, तूच काढली असशील आणि विसरलीस," धाकटी बहीण फोनवर म्हणाली. "काम झालं ना? मग झालं तर!"

काम झालं, एवढंच ताईलाही पुरेसं वाटलं. घाबरायला हवं होतं, पण तेवढंही त्राण अंगात नव्हतं.

चित्र कसकसं काढलं गेलं, ते अ‍ॅपमध्ये व्हिडिओसारखं दिसायचं. आज दुपारी ती पांघरूण घेऊन तेच बघत पडली. शेवटच्या चित्रात आधी सोफा उमटला. मग त्यावर पांघरूण घेऊन पडलेली, हातात टॅबलेट धरलेली बाई. चित्र पूर्ण झालं.

मग खोडरबर फिरू लागलं. पांघरूण पायांकडून सपाट होत आलं, गुडघ्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत.

आपलं पांघरूण उचलून बघावं, असं ताईला वाटलं.

पण व्हिडिओ अजून संपला नव्हता.