लाल माती

दिवाळीला चार दिवस उरले, तशी सुमेधानं अंगणात लाल मातीचं पोतं आणून ठेवलं आणि जुने मावळे धुऊन पायरीवर वाळत घातले.

"हे कशाला गं, आई?" सुट्टीला आलेल्या केतकीनं विचारलं.

"किल्ला नाही करायचा? पूर्वी तहानभूक विसरायचीस!"

"आठवतंय की. पण आता नाही वाटत काही." हसून तिनं पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मेडिकलचं दुसरं वर्ष होतं, आणि पोरगी खरोखरच खूश होती.

दहावीनंतर ती शिल्पकलेसाठी हटून बसली होती. घरात आठवडाभर अबोला. शेवटी सुमेधानंच तिला मुलांचा कल बदलून देणाऱ्या कलकेंद्रात नेलं. तासाभरात यंत्रानं लेकीची ओढ मातीवरून काढून डॉक्टरकीवर बसवली. मूल अठराच्या आत असलं की आईची एक सही पुरायची.

दुसऱ्या दिवशी सुमेधा पुन्हा केंद्रात गेली. "पूर्वीसारखं करता येईल का हो?"

"येईल ना," खिडकीतली बाई म्हणाली. "पण मुलगी आता एकोणीस वर्षांची. तिची इच्छा हवी. विचारलंत तिला?"

सकाळीच विचारलं होतं, जन्मात पहिल्यांदा. केतकी "नको" म्हणाली होती.

घरी येऊन सुमेधानं स्वतःच माती कालवली. बुरूज काही केल्या उभा राहीना.

"आई, ऊठ बरं तिथून," दारातून केतकी ओरडली. "नखं बघ कशी झालीत! त्या चिखलानं पोट भरणार आहे का?"

शब्द सुमेधाचेच होते. एकही बदललेला नव्हता.