दोन माणसांपुरते

पुन्हा लाल. वेंडुलानं फोन खिशात कोंबला आणि चॅपेलच्या पायरीवर बसकण मारली.

"टेकडीवरची ही शेवटची जागा होती," ती म्हणाली. "इथंही नाही, म्हणजे आता डबा पाताळातच असणार."

"मग पाताळात जाऊ. पण आधी काहीतरी खाऊ," क्वेता म्हणाली. क्वेता तिची ब्रनो शहरातली मैत्रीण. सुटी आली की दोघी, खेळातल्या इतरांनी मुद्दाम लपवून ठेवलेले डबे शोधत रानोमाळ भटकायच्या. कोडी वेंडुला सोडवायची आणि काटेरी झुडपात हात क्वेता घालायची.

या खेळात वेंडुलाचा मोठा दबदबा होता. डबा लपवणाऱ्यानं जागेचे अक्षांश-रेखांश कोड्यात कितीही गुंडाळून ठेवले, तरी ती एका बैठकीत उलगडून मोकळी व्हायची. निघालेले आकडे फोनवर तपासता येतात. बरोबर असले तर हिरवं, चुकले तर लाल. या एका कोड्यानं मात्र तिला दोन वर्षं लालच दाखवलं होतं, आणि ते घातलं होतं तिच्या बाबांनी.

टेकडीखाली बोरोव्ना गाव दिसत होतं आणि त्यात बाबांचं घर. आईला जाऊन वर्ष व्हायच्या आत बाबांनी तिचं कपाट रिकामं केलं, कपडे वाटून टाकले. वेंडुला त्यांना वाट्टेल ते बोलली आणि घरात घालायच्या सपातांवरच तरातरा गाडीत जाऊन बसली. पुढे त्या सपाता तिनं पार्सलनं परत पाठवल्या. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. तुझं काही नको, एवढं त्यातून बाबांना कळलं असणार.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खेळाच्या नकाशावर बाबांचं कोडं उगवलं. ती चक्क एक पाककृती होती, आईची. बटाट्याच्या पिठाचे उंडे, आत प्लम, वरून लोणी आणि खसखस. शेवटी लिहिलं होतं, 'दोन माणसांपुरते. रविवारी बारा वाजता, गरमच खावेत.' आणि त्याखाली सूचना: 'डोकं कमी चालव, पाय चालव.' हा टोमणा ती लहानपणापासून खात आली होती.

वेंडुलानं त्या पाककृतीचा पार भुगा केला. बटाट्यांचं वजन उलटं करून पाहिलं, प्लमच्या नावातली अक्षरं मोजली, रविवारचे सात धरले. खसखशीलासुद्धा सोडलं नाही. निघालेले आकडे घेऊन ती गावाभोवतालचं रान तुडवत राहिली, फक्त गावात शिरली नाही. नकाशावरचं प्रश्नचिन्ह बाबांनी आपल्याच फाटकावर टाकलं होतं, पण त्याचं काय एवढं? कोड्याचं प्रश्नचिन्ह नुसतं दाखवायला असतं, डबा असतो जवळपास भलतीकडेच. या खेळातलं शेंबडं पोरही हे जाणतं. तिला तर ते बाबांनीच शिकवलं होतं.

काल बाबांनी कोड्याखाली लिहिलं होतं, 'उद्या संध्याकाळी काढून टाकतो. कुणी आलं नाही.'

"म्हातारा जिंकला म्हणायचं," क्वेता म्हणाली.

वेंडुलाच्या लेखी हारजीत केव्हाच मागे पडली होती. डबा सापडला की आतल्या कागदावर सही करतात. ती सही बाबा वाचणार होते. बापलेकीत बोलायला तेवढी एकच जागा उरली होती आणि आज संध्याकाळी तीही बंद होणार होती. तिला रडू येत होतं, आणि भूक लागली म्हणून येतंय असं ती स्वतःला सांगत होती.

खाली गावात बाराचे टोले पडू लागले.

"घे. रविवार आणि बारा," क्वेता म्हणाली. "आत्ता कुणी ते उंडे गरमगरम वाढले ना, तर तुझ्या बाबांचे पाय धरीन मी. दोन माणसांपुरते म्हणे. दुसरं कोण जेवतं गं त्यांच्याकडे?"

"कुणी नाही. बाबा एकटेच—"

वेंडुला थांबली. तिनं सावकाश फोन बाहेर काढला. दोन वर्षांत सगळे आकडे टाकून झाले होते, फक्त प्रश्नचिन्हाचे स्वतःचे राहिले होते. तिनं ते टाकले.

हिरवं.

उतारावरून ती धावतच सुटली. मागून धापा टाकत आलेली क्वेता फाटकापाशी थबकली. आतून तापल्या लोण्याचा वास येत होता. "तू जा. मी गाडीत बसते," ती म्हणाली. "मला काही भूक नाही."

फाटकाच्या खांबाशीच डबा होता, लपवलेलासुद्धा नव्हता. वेंडुलानं झाकण उघडलं. सहीचा कागद आत नव्हताच. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिच्या सपाता होत्या. टाचेपाशी उसवलेली शिवण कुणीतरी वेड्यावाकड्या टाक्यांनी सांधली होती. आईचे टाके असे नसत.

दार उघडलं. बाबा झारा हातात घेऊन उंबऱ्यात उभे होते. बरेच वाळले होते.

"प्रश्नचिन्हावर डबा नसतो, बाबा," तिनं कसंबसं म्हटलं. "तूच शिकवलंस."

"ते कोड्याचं, पोरी," बाबा म्हणाले. "मी कोडं कुठं घातलं होतं? मी तुला जेवायला बोलावत होतो."