पाच खोऱ्यांचे नकाशे

गिऱ्हाइकाच्या गळ्यात गरजेपेक्षा जास्त काही मारायचे नाही, असा त्या दुकानदाराचा शिरस्ता होता. म्हणून जीपीएस यंत्र घेऊन आलेल्या बाईंपुढे त्याने सर्वांत लहान मेमरी कार्ड ठेवले.

"एका खोऱ्याचा बारीकसारीक नकाशा यात आरामात मावतो."

"मला शिखराखालच्या पाचही खोऱ्यांचे हवेत."

"मावशी, पाच खोरी पालथी घालायला उभा जन्म जाईल. आधी जायचं कुठे ते ठरवा, म्हणजे मोठं कार्ड लागायचंच नाही."

बाईंनी कार्ड हलकेच त्याच्याकडे परत सरकवले.

"मुलाचा शेवटचा फोन शिखरावरून आला होता. तिथून तो कोणत्या खोऱ्यात उतरला, एवढं कळलं असतं, तर हेच घेतलं असतं."