गोठ्यातलं घुबड

"टाक त्ये ढेकूळ खाली! मारू नगंस त्याला!"

सोनीबाई अशी ओरडली की दावणीची म्हैस बिचकली. सूरजने उगारलेला हात खाली घेतला. गोठ्याच्या आढ्याशी, भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या खोबणीत पांढऱ्या तोंडाचं घुबड बसलं होतं आणि मायलेकांकडे टकामका बघत होतं. घुबडाला ढेकूळ मारलं तर ते वरच्यावर झेलतं, ओढ्यावर नेऊन पाण्यात घासत बसतं, आणि ढेकूळ झिजेल तसतसा मारणारा झिजत जातो, असं सोनीबाईला तिच्या आजीने सांगितलं होतं. आता आजीला खोटं कोण पाडणार?

तसं हे घुबड काही काल आलेलं नव्हतं. त्याची जोडी गोठ्यात राहत होती आणि कुणाचं काही अडत नव्हतं. पण सूरजची बायको तेजस्विनी हिचं पोट दोनदा पडलं, आणि शेजारच्या सरूबाईने हिशेब जुळवला की घुबडं आली त्यानंतरच हे सुरू झालं. सरूबाईला असले हिशेब झटकन जमायचे. आता तेजस्विनीला सातवा लागला होता. दुधाने तोंड पोळलेली सोनीबाई ताकही फुंकून पीत होती. तिने एकच धोशा लावला, घालव त्याला.

"आई, उंदरं खातं गं त्ये," सूरज म्हणाला.

"खाऊ दी की दुसऱ्याच्या गोठ्यात!"

सूरज एकुलता एक. आईचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. त्याने घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, वर सुक्या मिरच्या टाकल्या आणि घमेलं खोबणीखाली उंचावर टेकवलं. धूर कोंडला तशी दोन्ही घुबडं फडफडत बाहेर पडली आणि बांधावरच्या बाभळीवर जाऊन बसली. सूरज शिडीवर चढला, खोबणीत हात घातला आणि थांबला.

"आई, पिल्लं हायेत आत."

सोनीबाईने वळून घराकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आपल्या बी घरात पिल्लू यायचंय, बाबा."

सूरजने पिल्लं टोपलीत घालून बाभळीखाली ठेवली. खोबणीवर पत्र्याचा तुकडा ठोकला. सकाळपर्यंत कुत्र्यांनी टोपली रिकामी केली होती. बाभळीवरचं चिरकणं काही दिवस चाललं आणि मग थांबलं. सोनीबाईने देवीपुढे नारळ फोडला. तिला खूप दिवसांनी शांत झोप लागली.

थंडी वाढली तसे उंदीर माजले. बाजरीच्या पोत्यांना भोकं पडली. गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत दिवसाढवळ्या खुसफुस ऐकू यायला लागली. औषध ठेवायची सोय नव्हती, कारण म्हैस कुठेही तोंड घालायची. मांजर आणलं तर ते चुलीपाशी लोळत पडायचं. तेजस्विनीने बाळासाठी शिवलेलं दुपटं उंदरांनी कुरतडलं, तेव्हा सोनीबाई रडकुंडीला आली. "येवढी उंदरं आली तरी कुठून गं?" तिने सरूबाईला विचारलं. सरूबाई म्हणाली, "सालच वाईट हाय, बाई."

एका संध्याकाळी सूरज म्हशीला वैरण आणायला गेला. त्याने गंजीतली पेंढी ओढली आणि हात झटकत मागे उडी मारली. मनगटावर दोन लाल ठिपके होते. पेंढीखाली घोणस फुत्कारत होती. गावातल्या पोरांनी सूरजला जीपमध्ये घातलं आणि जीप दवाखान्याकडे पळवली. अवघडलेल्या सुनेला एकटं टाकता येईना म्हणून सोनीबाई मागे राहिली.

तिचा चुलतदीर दादाभाऊ याने घोणस ठेचली. काठीचे घाव बसत होते तसा घोणशीच्या तोंडातून गिळलेला उंदीर बाहेर आला. ओला, अख्खा.

"ह्याच्यामागं आली व्हती," दादाभाऊ म्हणाला आणि त्याने दोन्ही काठीने बाजूला सारले.

सोनीबाई त्या उंदराकडे बघत राहिली. मग ती गोठ्याच्या दाराशी आली आणि तिने मान वर केली. खोबणीवर सूरजने ठोकलेला पत्रा दिसला. ती तिथेच भुईवर बसली. पाणी आणू का, असं दादाभाऊ विचारत होता, ते तिला ऐकूच गेलं नाही.

दवाखान्यात इंजेक्शनं झाली, पण सूरजची मूत्रपिंडं बंद पडली ती पडलीच. सुनेपाशी सरूबाईला बसवून सोनीबाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचली. आठवडाभर पोरगा तिच्या डोळ्यांदेखत वाळत गेला आणि मग गेला. तिकडे गावात कुजबूज झाली की त्याने घुबडाला ढेकूळ मारलंच असणार, त्याशिवाय माणूस असा झिजत नाही. सोनीबाईने ते ऐकलं. भांडायचं बळ तिच्यात नव्हतं. आणि भांडायचं तरी कुणाशी?

तेजस्विनीला दिवस भरून मुलगी झाली. बारसं म्हणून काही केलं नाही. चार बायका आल्या, पाळण्याला हात लावला आणि गाणं न म्हणताच बसल्या. तेजस्विनी भिंतीला टेकून होती. सरूबाईने बाळाला उचलून नीट न्याहाळलं आणि सोनीबाईच्या मांडीवर दिलं.

"सूरजचं आयुष्य तेवढंच व्हतं, बाई. त्याला कोन काय करनार?" ती म्हणाली. "पन तू येळंवर घुबड घालवलंस, म्हनून ही तरी हाताला लागली."

बायकांनी माना डोलावल्या. सोनीबाईने सुनेकडे पाहिलं. सून तिच्याकडेच बघत होती.

"घुबड कुठं घालवलं, सरूबाई?" सोनीबाई म्हणाली. "लेक घालवला म्या."